साठ सेकंदांची मुदत

विंडोज एक्सपीच्या पडद्यावर मधोमध एक चौकट उघडायची. सिस्टिम बंद होत आहे, हातातले काम सेव्ह करून बाहेर पडा, असा मजकूर आणि त्याखाली उलटी मोजणी: ६०, ५९, ५८… चौकटीला 'रद्द करा' असे बटणच नसे. मिनिट संपले की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. वापरणारा हुश्श करून इंटरनेट जोडायचा आणि काही वेळात तीच चौकट परत हजर. ऑगस्ट २००३च्या दुसऱ्या आठवड्यात जगभरच्या घरांत, कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेंत हाच प्रकार चालला होता. कोणाला वाटले वीजपुरवठ्यात गडबड आहे, कोणी रॅम बदलून पाहिली, कोणी सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले. नव्या विंडोजवरही चौकट आलीच.

या उपद्रवाचे नाव 'ब्लास्टर'. काही ठिकाणी तो 'लवसॅन' म्हणूनही ओळखला गेला. तो व्हायरस नव्हे, वर्म होता. व्हायरसला पसरायला बहुधा माणसाची चूक लागते. कोणी तरी फाइल उघडावी लागते, फ्लॉपी घालावी लागते. वर्मला कोणाचीच गरज नसते. संगणक चालू आहे आणि नेटवर्कला जोडलेला आहे, एवढे त्याला पुरते. त्यामुळे 'मी तर काहीच केले नाही' ही त्या वेळची तक्रार अगदी खरी होती.

ब्लास्टर ज्या भोकातून आत शिरत होता, ते पोलंडमधल्या 'लास्ट स्टेज ऑफ डिलिरियम' या संशोधकांच्या गटाने शोधले होते आणि मायक्रोसॉफ्टला कळवले होते. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने ते बुजवणारा पॅच सर्वांसाठी खुला केला. इथेच एक पेच असतो. पॅच बाहेर आला की दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते हुडकता येते, म्हणजे भोक कुठे होते तेही कळते. चीनमधल्या 'एक्सफोकस' या गटाने तेच केले आणि भोकाचा वापर कसा करायचा, याचा नमुना प्रसिद्ध केला. सोमवार, ११ ऑगस्टला ब्लास्टर सुटला. मधे सव्वीस दिवस गेले होते. पॅच फुकट होता, पण तो स्वतःहून टाकायला हवा हे सामान्य माणसाच्या गावीही नव्हते.

आता त्या साठ सेकंदांकडे वळू. संगणक बंद पाडणे हा ब्लास्टरचा हेतू मुळीच नव्हता. उलट बंद पडलेला संगणक त्याच्या काहीच कामाचा नव्हता, कारण त्याच संगणकावरून त्याला पुढची सावजे शोधायची होती. रीस्टार्ट हा त्याच्या नेम चुकण्याचा परिणाम होता, आणि तो कसा ते पाहण्यासारखे आहे.

विंडोजमध्ये 'रिमोट प्रोसिजर कॉल', थोडक्यात आरपीसी, नावाची सेवा सतत चालू असते. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून, अगदी दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमकडूनही, काम करवून घेण्याची ती सोय. ती १३५ क्रमांकाच्या पोर्टवर निरोपांची वाट पाहत बसते. आलेल्या निरोपातल्या एका नावाची लांबी ती तपासत नव्हती, हेच ते भोक. नाव ठरलेल्या जागेपेक्षा लांब आले की शेजारच्या मेमरीत सांडायचे, आणि त्या शेजारीच पुढची सूचना कोणत्या पत्त्यावर आहे याची नोंद असायची. ती नोंद बदलून स्वतःचा पत्ता घातला की संगणक निमूटपणे परक्याच्या सूचना पाळू लागे.

अडचण अशी की हा पत्ता विंडोज एक्सपीत वेगळा आणि विंडोज २०००मध्ये वेगळा. समोर कोणती विंडोज आहे ते तपासण्याची तसदी ब्लास्टरच्या लेखकाने घेतली नव्हती. त्याने सरळ जुगार लावला: ऐंशी टक्के वेळा एक्सपी धरायचे, वीस टक्के वेळा २०००. अंदाज बरोबर ठरला तर ६,१७६ बाइट्सची छोटीशी फाइल गुपचूप आत येऊन बसे. अंदाज चुकला तर आरपीसी सेवा कोसळे. आणि एक्सपीमध्ये या सेवेबाबत नियमच असा ठरवलेला होता की ती कोसळली तर संगणक रीस्टार्ट करायचा. विंडोज २०००वर लक्षणे वेगळी दिसत. कॉपी-पेस्ट चालेना, आयकॉन ओढून हलवता येईनात. जुन्या विंडोज ९८ला मात्र या भोकाची बाधा नव्हती.

म्हणजे एखादा एक्सपी संगणक बंद होत होता, तेव्हा अनेकदा तो हल्ल्यातून वाचलेला असायचा. लागण झालेल्या संगणकांवरही इतरांचे निरोप येऊन आदळतच असत, त्यामुळे तेही कोसळत. पण आतला पाहुणा कोणता आणि दारावरचा कोणता, हे चौकटीवरून कळायला मार्ग नव्हता. वर्म लिहिणाऱ्याने थोडी अधिक काळजी घेतली असती तर बहुतेकांना काही घडल्याचा पत्ताही लागला नसता. त्याच्या हलगर्जीपणाने जगाला सावध केले, असे म्हणायला हरकत नाही.

उपाय सोपा होता, फक्त तो अमलात आणायला वेळ मिळत नव्हता. पॅच इंटरनेटवरून उतरवायचा, तर इंटरनेट जोडावे लागणार. जोडले की हल्ला, हल्ला झाला की रीस्टार्ट, आणि डायल-अपवर अर्धवट उतरलेली फाइल वाया. यातून वाट काढणारा एक छोटासा आदेश तेव्हा तोंडोतोंडी पसरला. 'स्टार्ट'मधल्या 'रन'वर जाऊन 'शटडाउन -ए' टाइप करायचे. मोजणी तिथेच थांबे. जाणकारांचा क्रम असा: आधी फोनची वायर काढा, टास्क मॅनेजरमधून 'एमएसब्लास्ट.एक्सई' थांबवा, रजिस्ट्रीत त्याने स्वतःसाठी करून ठेवलेली नोंद पुसा, एक्सपीतली फायरवॉल सुरू करा आणि मगच वायर जोडून पॅच उतरवा. एक्सपीत फायरवॉल होती, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटे. ती होती, पण बंद ठेवलेली. कंपनीने कुलूप पुरवले होते, पण लावायचे काम घरमालकावर सोडले होते.

ब्लास्टरच्या आत बिल गेट्स यांना उद्देशून एक टोमणाही लपवला होता: पैसे कमावणे थांबवा आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करा, अशा आशयाचा. १६ ऑगस्टला सगळ्या बाधित संगणकांनी मिळून मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोजअपडेट.कॉम' या पत्त्यावर मारा करायचा, असाही बेत होता. पण तो पत्ता म्हणजे खऱ्या साइटकडे वळवणारी नुसती पाटी होती. मायक्रोसॉफ्टने पाटीच काढून टाकली आणि मारा हवेत गेला. दरम्यान १४ ऑगस्टला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात प्रचंड प्रमाणावर वीज खंडित झाली, तेव्हा संशयाची सुई लगेच ब्लास्टरकडे वळली. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशीत त्याला पुरावा मिळाला नाही.

मूळ लेखक आजतागायत सापडलेला नाही. त्याची सुधारित नक्कल सोडणारा मिनेसोटा राज्यातला १८ वर्षांचा तरुण त्याच महिन्यात पकडला गेला आणि २००५ साली त्याला १८ महिन्यांची कैद झाली. लागण किती झाली, याचे सुरुवातीचे अंदाज काही लाखांचे होते. २००४ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या सफाईच्या साधनाकडून मिळालेल्या माहितीवरून किमान ८० लाख संगणकांचा आकडा सांगितला.

यातली सर्वांत विचित्र शाखा 'वेल्चिया'ची. ब्लास्टरनंतर आठवड्याभरात आलेला हा वर्म त्याच भोकातून आत शिरे, ब्लास्टरला हुसकावून लावी, पॅच उतरवून बसवी आणि २००४ उजाडल्यावर स्वतःला पुसून टाकी. ऐकायला परोपकारी. प्रत्यक्षात नवे संगणक शोधण्यासाठी तो इतके 'पिंग' सोडत असे की नेटवर्क गुदमरून जात. एअर कॅनडाच्या चेक-इन काउंटरांना याचाच फटका बसला. न विचारता घरात घुसून साफसफाई करणाऱ्याची ही गत.

पुढच्या वसंतात तोच खेळ नव्या भोकातून झाला. १३ एप्रिल २००४ला पॅच, महिनाअखेरीस 'सॅसर'. या वेळी कोसळणारी प्रक्रिया होती 'एलसास', म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणारी. ती पडली की पुन्हा साठ सेकंदांची चौकट. ब्रिटनच्या तटरक्षक केंद्रांना कागदी नकाशे काढावे लागले, फिनलंडच्या साम्पो बँकेने खबरदारी म्हणून १३० शाखांचे दरवाजे बंद ठेवले. लेखक निघाला जर्मनीतल्या एका खेड्यातला शाळकरी मुलगा, नुकताच १८ वर्षांचा झालेला. मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या अडीच लाख डॉलरच्या बक्षिसासाठी त्याच्या ओळखीच्यांनीच त्याला पकडून दिले. वर्म लिहिला तेव्हा तो अल्पवयीन असल्याने शिक्षा सौम्य झाली.

ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा 'सर्व्हिस पॅक २' आला आणि त्यात फायरवॉल पहिल्यापासूनच चालू होती. सवयीची चौकट हळूहळू दिसेनाशी झाली. वर्म मात्र संपले नाहीत, ते शांत झाले. २००८च्या अखेरीस आलेला 'कॉन्फिकर' आत शिरल्यावर ज्या भोकातून आला ते स्वतःच मेमरीत बुजवून टाके, म्हणजे दुसरा कोणी येऊन गोंधळ घालणार नाही. संगणक कोसळावा हे आता कोणालाच नको होते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या २०१७च्या 'वॉनाक्राय' या वर्ममध्ये मात्र जुनी गंमत परत दिसली. जुनाट एक्सपीवर तो बहुतेक वेळा नीट चालेचना. निळा पडदा येऊन संगणक बंद पडे आणि फाइली वाचत.

त्याच वर्षी २७ जूनला रीस्टार्टचा अर्थ पालटला. 'नॉटपेट्या' हा वर्म युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि 'मेर्स्क' या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल मेर्स्कच्याच समूहाकडे होते. कोणता माल कोणाचा हे कळेना, त्यामुळे तिथली चढ-उतार ठप्प झाली. नॉटपेट्या आत आल्यावर काही मिनिटांनंतरचा रीस्टार्ट मुद्दाम लावून ठेवी. संगणक पुन्हा सुरू होताना डिस्क तपासणीचा नेहमीचा पडदा दिसे: दुरुस्ती चालू आहे, बंद करू नका. तो पडदा बनावट होता, मागे फाइलींची सूची कुलूपबंद होत होती. तेव्हा जाणकारांनी सल्ला दिला, हा पडदा दिसताच वीज तोडा. २००३ साली संगणक चालू ठेवण्यासाठी धडपड होती, २०१७ साली तो बंद करण्यासाठी. मेर्स्कला पुढे सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

आज घरचा संगणक अचानक रीस्टार्ट झाला तर वर्मची शक्यता कमी. धूळ साचून तापलेला प्रोसेसर, दमलेला पॉवर सप्लाय, सैल बसलेली रॅम, बिघडलेला ड्रायव्हर, कमी-जास्त होणारे व्होल्टेज किंवा रात्री गुपचूप बसलेले विंडोज अपडेट, असे संशयित आधी तपासावेत. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये याची नोंद मिळते. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कोणत्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट करवला आहे, आणि त्याचे नावही तिथे असते. ४१ किंवा ६००८ असेल तर संगणक न सांगता पडला आहे. अशा वेळी आधी वीज आणि तापमान पाहावे.

कधी कधी पाडणारा रखवालदारच असतो. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणि रीस्टार्टच्या चक्रात अडकले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्तीसाठी अनेक संगणकांपाशी जाऊन सेफ मोडमध्ये एकच फाइल हाताने पुसावी लागत होती, एकेक संगणक करून, आणि कंपन्यांच्या तंत्रज्ञांचे पुढचे कित्येक दिवस त्यातच गेले.