विश्लेषण : दुपारच्या ‘ब्रेक’नंतरही हॉटेल कामगार थकलेलेच का?

दुपारच्या जेवणाची गर्दी साडेतीनच्या सुमारास ओसरते आणि रात्रीची सातनंतर सुरू होते. मधल्या वेळेला हॉटेलांमध्ये ‘ब्रेक’ म्हणतात. हा वेळ वेटर, आचाऱ्यांच्या खरोखर कामी येतो का? आणि त्याचा ग्राहकसेवेशी काय संबंध?

ब्रेक-शिफ्टचा हिशेब काय?

सकाळी ११ ते साडेतीन आणि संध्याकाळी ७ ते साडेअकरा अशी ड्युटी धरली, तर काम होते नऊ तास. पण दिवसाचे साडेबारा तास अडकतात. दक्षिण मुंबईत नोकरी आणि विरारला बिऱ्हाड असेल, तर मधल्या वेळेत घरी जाऊन येणे परवडत नाही. मग बाकड्यावर डुलकी काढायची किंवा मोबाइल पाहत बसायचे.

मोकळा वेळ आणि विश्रांती यांत फरक काय?

मानसशास्त्रज्ञ साबीन सोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये थकवा भरून काढणाऱ्या चार गोष्टी मांडल्या : कामापासून मनाने दूर होणे, आराम, नवे काही शिकणे आणि आपला वेळ आपण ठरवणे. हॉटेलातच काढलेल्या ब्रेकमध्ये फार तर आराम मिळतो. बाकीच्या तीन गोष्टी अवघडच.

ग्राहकाला फरक का पडतो?

वेटर ताटाबरोबर हसूही वाढत असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले. थकलेल्या माणसाला हे हसू ओढूनताणून आणावे लागते. ऑर्डर चुकते, उत्तर तुटक येते आणि ग्राहकाला तो उद्धटपणा वाटतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रोज नऊ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी अशी तरतूद होती. ब्रेक धरून पूर्ण दिवसाला साडेदहा तासांची, तर खंडित स्वरूपाच्या कामासाठी १२ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने रोजचे काम दहा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली.

उपाय काय?

मालकाला फार खर्च न करता दोन गोष्टी जमू शकतात. साप्ताहिक सुट्टीचा तक्ता आठवडाभर आधी लावायचा आणि आळीपाळीने काहींना सलग पाळी द्यायची. आपली सुट्टी कधी हे आधी कळले, तरच त्या दिवसाचा बेत आखता येतो.