बोलीभेद आणि वाग्दोष : ग्रामीण बालकांच्या वाचा-तपासणीतील एक प्रश्न

वैद्याच्या निदानाला व औषधयोजनेला ज्या इतर सेवांची जोड लागते, त्यांस आनुषंगिक आरोग्यसेवा असे म्हणतात. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, दृष्टिपरीक्षा, श्रवणपरीक्षा व वाचोपचार या त्यांपैकी प्रमुख होत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा व्यवसायांच्या नियमनासाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. या सेवांपैकी वाचोपचार हा सर्वस्वी भाषेच्या आधारे चालतो. यास्तव ग्रामीण बालकांच्या बाबतीत तो कोणत्या भाषेतून चालावा, हा प्रश्न भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो.

ठाणे जिल्हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ज्या समारंभाने झाला, तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भरला होता. कारखान्यांच्या या पट्ट्याभोवती दाट नागरी वस्ती वाढली आणि विशेषज्ञांचे व्यवसायही प्रायः तिच्याच आश्रयाने स्थिरावले. त्याच जिल्ह्यात शहापूर व मुरबाड हे डोंगराळ तालुके आहेत. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाण्यातच मोडत असत. या टापूत वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी समाजांची वस्ती आहे. किनाऱ्याकडे व खाडीकाठी आगरी आणि कोळी आहेत. घरची बोली आणि शाळेची मराठी यांतील अंतर येथील बालकांना नित्याचे होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब या चार अंगांनी तपासणी व्हावी, अशी त्याची योजना आहे. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाते, आणि ज्या बालकाविषयी शंका वाटेल त्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असावेत, असा मूळ आराखडा आहे. श्रवण व वाचातज्ज्ञाची जागा केंद्रात आहे, पथकात नाही. म्हणजे बालकाचे बोलणे प्रथम ऐकणारी व्यक्ती त्या विषयाची तज्ज्ञ नसते, आणि पुष्कळदा त्या बोलीचीही जाणकार नसते.

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे बोलीभेदाला दोष मानणे. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. पाच वर्षांचे आगरी मूल ‘पाणी’स ‘पानी’ व ‘कावळा’स ‘कावला’ म्हणते, तेव्हा ते आपल्या बोलीचे नियम अचूक पाळीत असते. तेच मूल ‘तावला’ म्हणू लागले, तर मात्र विचार केला पाहिजे. ‘क’च्या जागी ‘त’ येणे हे लहान वयात स्वाभाविक असले, तरी पाचव्या वर्षी टिकून राहिल्यास उपचारास पात्र ठरते. कारण त्याचे आईवडीलही तसे बोलत नाहीत. कसोटी प्रमाण मराठीची नव्हे, घरच्या बोलीची होय.

दुसरी चूक अधिक घातक आहे. वारली किंवा कातकरी मूल प्रश्नाला उत्तर देत नाही, तेव्हा ‘त्याला मराठी कळत नाही’ असे म्हणून त्यास सोडून दिले जाते. क्वचित त्याला प्रश्न ऐकूच आलेला नसतो. बहिरेपणाची तपासणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा तज्ज्ञांचा सर्वमान्य दंडक आहे. भाषाग्रहणाची पहिली वर्षे निघून गेली, की श्रवणयंत्राचा लाभही मर्यादित होतो. त्यातच दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पथक आले असता मूल गावात नसते.

या अडचणींवर उपाय आहेत. श्रवणपरीक्षेला भाषेची गरज नाही. अंतःकर्णाचा सूक्ष्म प्रतिध्वनी टिपणारे उपकरण झोपलेल्या अर्भकावरही चालते. म्हणून शंका येताच प्रथम कान तपासावा, मग भाषा. आईला ‘मूल मराठी बोलते काय?’ असे न विचारता ‘याच्या वयाची घरातली इतर मुले जसे बोलत, तसे हे बोलते काय?’ असे विचारावे. खरा भाषादोष घरच्या बोलीतही दिसतो. केवळ शाळेच्या भाषेत दिसणारी उणीव हा दोष नव्हे. दोन भाषा कानी पडल्याने मूल मागे पडते ही समजूतही निराधार असून, ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला मुलाची सर्वांत समृद्ध भाषाच त्याच्यापासून हिरावून घेतो.

शब्दसूची व चित्रसंच त्या त्या बोलीत सिद्ध करणे हे काम मात्र वैद्यकाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडात वारली व कातकरी यांचे नमुने आहेत, डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र ग्रंथ आहे. परंतु ही वर्णने प्रौढांच्या बोलीची आहेत. वारली मूल कोणता ध्वनी कोणत्या वयात आत्मसात करते, याची नोंद हवी, आणि ती विद्यापीठीय संशोधनातूनच होऊ शकेल.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ पासून कोसबाडला चाललेले बालशिक्षणाचे कार्य याच भूमीतले आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे तत्त्व त्यांनी आचरून दाखविले. आरोग्यपथक आज त्या अंगणापर्यंत पोहोचते. तेथे पोहोचल्यावर मुलाचे बोलणे त्याच्याच बोलीत ऐकले जाणे, एवढी पायरी अद्याप चढावयाची आहे.