सावित्रीबाईंची पत्रे आणि आमचे न लिहिलेले संसार

तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीचे दागिने आजही न्याहाळता येतात. त्याच तेरमध्ये हयात काढलेल्या माझ्या आजीच्या संसाराचा एक चिटोरा उरलेला नाही. आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांचे पत्र तिकडे दुसरा लिही आणि इकडे तिसरा वाचून दाखवी. परक्याच्या ओट्याखाली उभी राहून नवऱ्याचे शब्द ऐकणाऱ्या बाईला तो काय लिहिणार? खुशाली, मनिऑर्डर, पाऊसपाणी. त्यांच्यात प्रेम नव्हते असे नाही. ते कागदावर उतरवण्याची सोय नव्हती.

एकोणिसाव्या शतकातील खाजगी पत्रांतून त्या काळचे प्रेम आणि कुटुंबजीवन कळते, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. कोणाचे कुटुंबजीवन, हा प्रश्न मात्र विचारत नाही. पत्राला अक्षर लागते, आडोसाही लागतो. ही दोन्ही ज्यांना नाकारली गेली, त्यांचे संसार इतिहासाच्या साधनांतूनच गळाले.

त्या काळी लग्ने बालपणीच होत. त्यामुळे पतिपत्नींची मनाची ओळख व्हायची ती लग्नानंतर, आणि झालीच तर. आनंदीबाई जोशी यांचे लग्न १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी झाले. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. तेथून गोपाळरावांना लिहिताना, लहानपणी त्यांनी केलेल्या मारहाणीची आठवण त्यांनी स्पष्ट शब्दांत करून दिली. समोरासमोर जे बोलता आले नसते, ते पत्रात बोलता आले. लेखणीने स्त्रीला जाब विचारण्याची जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्या पत्रव्यवहाराला जे घर माहीत आहे, ते सवर्णांचे आहे.

सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या समग्र वाङ्मयात आहेत. १८५६ सालचे पहिले पत्र आजारपणात माहेराहून लिहिलेले आहे. त्यात प्रकृतीची खुशाली आहे, पुण्यात कामाचा भार पडलेल्या फातिमेची काळजी आहे. आणि त्याच पत्रात भावाशी झालेला वाद आहे. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही कुळाला बट्टा लावता, असे भाऊ म्हणतो. बहीण त्याला विचारते की जनावरांना जवळ घेतोस, नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा? माहेरचे भांडण ती नवऱ्याला कळवते, पण विषय दागिन्यांचा वा मानपानाचा नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, ती माणसे या पतिपत्नींच्या घरगुती बोलण्यात आली आहेत. त्यांच्या प्रेमाचे स्वरूप येथे दिसते.

याच्या आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, ही वेदना तिने त्यात मांडली. ते पत्र नव्हे. पण आमच्या कुटुंबजीवनाचा आमच्याच हाताने लिहिलेला कागद शोधायचा, तर तो असा निबंधात सापडतो.

तिसरे पत्र १८७७ सालचे, ओतूरचे. त्यात दुष्काळाचे आणि सत्यशोधकांच्या अटकेचे वर्तमान आहे. मला थांबवून ठेवते ते १८६८ सालचे दुसरे पत्र. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जडले. शारजा गरोदर राहिली. लोकांनी दोघांना मारहाण करीत गावातून फिरवले. ते जीवच घेणार होते. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक घालून दोघांना वाचवले आणि जोतीरावांकडे पाठवले. शारजाने गणेशला काही लिहिले असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या प्रेमाची नोंद राहिली ती दुसऱ्या एका पतिपत्नींच्या पत्रात.

हे प्रकरण जुने झाले म्हणावे, तर २८ एप्रिल २०१४ आठवते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या नितीन आगे या दलित मुलाला, सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध असल्याच्या संशयावरून मारले गेले. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. शारजासाठी कोणीतरी धावत गेले होते. नितीनसाठी कोण गेले?

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक काम सांगतो. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पोस्टकार्ड, मनिऑर्डरची पावती सापडली तर जपा; ते कोणी लिहिले, कोणी वाचून दाखवले, तेही टिपून ठेवा. कागद नसेल तर आजीला विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. माझ्या आजीला मी हे विचारले नाही. घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा परीक्षेसाठी दुसऱ्यांची पत्रे वाचीत होतो.