पाटी आपली, नाव कुणाचं?

नव्या दुकानात शिरलं की गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी, फ्रेम केलेला एक कागद दिसतो. मुंबईत त्याला 'गुमास्ता' म्हणतात, इतरत्र 'शॉप अ‍ॅक्ट'. दुकानाच्या नावाचा विषय निघाला की मालक त्या कागदाकडे बोट दाखवतो: "रजिस्टर केलंय. आता हे नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही."

हे साफ चूक आहे. नवख्या माणसाचा असा समज झाला तर समजू शकतं. पण फॉर्म भरून देणारे एजंटही पैसे घेऊन हेच सांगतात, याची चीड येते.

शॉप अ‍ॅक्ट मुळात कामगारांसाठी आहे. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला हे त्याचे विषय. 1948 च्या जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्रात 2017 चा कायदा आला. त्यानुसार छोट्या आस्थापनेने धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत फक्त सूचना द्यायची असते. फ्रेममध्ये लागते ती त्या सूचनेची पोच. हे नाव आधीपासून कुणी वापरतंय का, याची तिथे तपासणीच होत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन 'अन्नपूर्णां'ना दोन पावत्या मिळू शकतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

"आम्ही तर प्रायव्हेट लिमिटेड काढली," असं काही जण सांगतात. कंपनीचं नाव मंजूर करताना छाननी होते, हे खरं. पण त्या नावाशी फार जुळणारं नोंदणीकृत व्यापारचिन्ह दुसऱ्याकडे असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 16 खाली तो तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. आदेश निघाला की तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. पाटी, पिशव्या, लेबलं, सगळं नव्याने.

नावाचं संरक्षण मिळतं ते 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यात, म्हणजे ट्रेडमार्कमध्ये. तिथे माल आणि सेवांचे 45 वर्ग आहेत. मसाला आणि लोणचं एकाच ओट्यावर तयार होत असलं तरी मसाला वर्ग 30 मध्ये जातो आणि लोणचं वर्ग 29 मध्ये. नाव दोन्हींसाठी हवं तर शुल्कही दोनदा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला 4,500 रुपये पडतात, इतरांना 9,000. अर्ज मान्य झाला की तो जर्नलमध्ये छापला जातो, हरकतींसाठी चार महिने मिळतात, आणि मग 10 वर्षांची नोंदणी. 'शुद्ध तूप' असं नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव मात्र सहसा कुणा एकाला मिळत नाही.

इतकं करूनही नोंदणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला 'इरुट्टुकडै' हलवा प्रसिद्ध आहे. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. दुसऱ्या एका विक्रेत्याने 'तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा' या नावाची नोंदणी मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये निकाल लागला: आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीवाल्याच्या वरचढ. म्हणून पहिलं बिलबुक रद्दीत घालू नये. तारीख असलेलं बिल, जुनी जाहिरात, छापखान्याची पावती हाच पहिल्या वापराचा पुरावा असतो.

नावाच्या टोकाला टीएम कुणीही लावू शकतो. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लावणं कायद्याने चुकीचं आहे.

आणखीही काही समज कानावर येतात. उद्यम नोंदणीला सरकारी फी आहे म्हणतात. फी शून्य आहे, आणि त्या प्रमाणपत्राचं नूतनीकरणही करावं लागत नाही. जीएसटी नंबराशिवाय धंदाच करता येत नाही, हेही खोटं. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक 40 लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे सूट आहे. माल परराज्यात विकायचा असेल तर मात्र नोंदणी बहुधा पहिल्या विक्रीपासूनच लागते. घरून डबे देणाऱ्यांना अन्न परवान्याची गरज नाही हा समज तर धोक्याचा आहे, कारण एफएसएसएआयची नोंदणी त्यांनाही हवी. आणि भागीदारी नोंदवली नाही तरी चालतं? चालतं, पण गिऱ्हाइकाने उधारी बुडवली की 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 आड येतं आणि वसुलीचा दावा लावता येत नाही.

ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नावांचा शोध फुकट घेता येतो. रंगाऱ्याला पाटीचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तिथे मनातलं नाव मराठी आणि इंग्रजी, दोन्ही स्पेलिंगांनी टाकून पाहावं, आपल्या मालाच्या वर्गात.