सागाच्या फुटव्याचीं रानें व इमारती लांकूड

ठाणें, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील डोंगरउतारांवर ज्यांचीं मालकीचीं वरकस रानें आहेत, त्यांपैकीं पुष्कळांचा साग कोणीं लावलेला नसतो. पूर्वीं तोडलेल्या झाडांच्या खुंटांपासून तो आपोआप फुटतो. वाशाइतका झाला कीं ठेकेदार येतो, रान मोकळें होतें, आणि पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां फुटवे येतात. यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु ज्या जमिनींतून तुळया व फळ्या निघाव्या, तींतून वासे आणि सरपणच निघत राहावें, हें आम्हांस मोठ्या नुकसानीचें वाटतें. आणि त्याचें मूळ बहुधा तोडीच्या पद्धतींत सांपडतें.

ठेकेदार रानांत शिरतो तो सरळ व निकोप झाडांवर खुणा करीत. वांकडें, पोकळ, दोन शेंड्यांचें झाड तो सोडून देतो, आणि मालकास समाधान वाटतें कीं कांहीं तरी रान शिल्लक राहिलें. भरलीं कणसें बाजारांत विकून पोचट दाणे बियाण्यास ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. तो उलटा करावा, म्हणजे वाईट झाड आधीं काढावें व चांगलें वाढूं द्यावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

वाढूं देण्यांत लाभ किती, हें लांकूडबाजारांतील जुन्याच हिशेबावरून कळेल. घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें, म्हणजे घनफूट निघतात. २ फूट घेराचा व १० फूट लांबीचा सोट घेतला तर अडीच घनफूट लांकूड येतें. तेवढ्याच लांबीचा पण ४ फूट घेराचा घेतला तर १० घनफूट. घेर दुप्पट, माल चौपट. शिवाय कोंवळ्या वाशांत बाहेरच्या पांढऱ्या लांकडाचें प्रमाण फार असतें, व वाळवी आणि कीड प्रथम त्यावरच पडते. सागाची जी टिकाऊपणाबद्दल ख्याति आहे ती गाभ्याची आहे, आणि जाड गाभा वयावांचून येत नाहीं.

आतां थांबण्याची ऐपत प्रत्येकास नसते. घरांत लग्न निघतें, दुखणें येतें, आणि रान एकदम विकलें जातें. म्हणूनच आम्ही पूर्ण तोड बंद करा असें म्हणत नाहीं. टप्प्याटप्प्यानें विरळणी करा म्हणतों, म्हणजे मधून मधून चार पैसेही हातीं येतात.

फुटवे आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यांत प्रत्येक खुंटावर एक, फार तर दोन धुमारे राखावे. राखावयाचा तो जमिनीलगत निघालेला असावा. खुंटाच्या माथ्यावरून निघालेला धुमारा कितीही जोमदार दिसला तरी वाऱ्यानें उकलतो, आणि जुन्या खुंटाची कूज त्याच्या बुंध्यांत शिरते. पहिलीं कांहीं वर्षें झाडें दाट असूं द्यावीं. दाटींत खोड सरळ चढतें व खालच्या फांद्या आपोआप गळतात. पुढें शेंडे एकमेकांत घुसूं लागले कीं विरळणी करावी, कारण साग सावली मुळींच सोसत नाहीं. मात्र एकाच वेळीं फार मोकळें करूं नये. दाटींत वाढलेल्या खोडावर एकाएकीं ऊन पडलें तर जागोजाग बारीक फुटवे निघतात, आणि प्रत्येकाची पुढें फळीमध्यें गांठ होते. आम्हीं हा उतावळेपणा केलेलें एक रान पाहिलें आहे. दुरून तें फारच सुंदर दिसे!

तोड पानगळीनंतर, पावसापूर्वीं करावी. घाव जमिनीलगत, उतरता व धारदार कुऱ्हाडीचा असावा. पाणी खुंटावर सांचूं नये व साल फाटूं नये. उक्षीसारखे वेल व बांडगुळें त्याच फेरींत काढावीं.

निवळ साग राखण्याच्या हौसेनें ऐन, धावडा, बांबू सगळेंच साफ करणारे मालक आहेत. हें करूं नये. सागाच्या रुंद पानांवरून पडणारे मोठे थेंब उघड्या उतारावरील माती धुऊन नेतात. खालीं झुडपांचा थर असला तर ती टिकते. पानांची जाळी करणाऱ्या अळीचा उपद्रवही मिश्र रानांत कमी जाणवतो. राबासाठीं टाहाळ घ्यावयाचा तर ऐनाचा घ्यावा, सागाचा नको. आणि वणवा! सागाचें झाड वणव्यानें सहसा मरत नाहीं, म्हणून मालक निश्चिंत राहतो. परंतु बुंध्याची साल एका बाजूनें भाजते, तेथून कूज शिरते, आणि सर्वांत मोलाचा खालचाच सोट पोकळ निघतो. दिवाळीनंतर गवत वाळतांच रानाभोंवतीं जाळरेषा काढावी.

मालकीचा असला तरी साग हा १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचींत आहे. तेव्हां विरळणीच्या तोडीसही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधीं घ्यावी लागते, व माल हलवितांना वाहतुकीचा परवाना बरोबर लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीस १९६९ चा निराळा कायदा लागू आहे. अर्जापूर्वीं रानांत स्वतः फिरून तोडावयाच्या झाडांवर खुणा कराव्या व त्यांची घेरासह यादी ठेवावी. ही खूण करण्याचें काम मात्र ठेकेदाराच्या माणसावर सोंपवूं नये.