ब्रूडर
अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिलांना आईच्या अंगाखालील उबेऐवजी कृत्रिम ऊब पुरविणारे साधन. यास ‘कृत्रिम दाई’ असेही म्हणतात. अंडी उबविण्याचे यंत्र व ब्रूडर यांत महत्त्वाचा फरक आहे. उबवणी यंत्रात अंडी एका जागी पडून असतात आणि आतील सर्व भाग एकाच तापमानास राखावा लागतो. ब्रूडरमध्ये हिंडणारी, खाणारी-पिणारी पिले असतात व त्यांना गरजेप्रमाणे उबेत येता आणि उबेबाहेर जाता आले पाहिजे. थंड जागेत मर्यादित उबदार जागा निर्माण करणे हे ब्रूडरचे खरे कार्य होय. मोठ्या कुक्कुटशाळांत संपूर्ण शेड तापविण्याची पद्धतही प्रचलित आहे. परंतु तेथे तापमान व वायुवीजन यांचे काटेकोर नियंत्रण करावे लागते.

उबेची गरज : नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे वजन सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ ग्रॅम असते. वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे उष्णता लवकर निघून जाते. अंगावर पिसे नसून केवळ मऊ लव असते. शरीराचे तापमान स्वतः स्थिर राखण्याची क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश जन्मापूर्वी पोटात ओढला गेलेला असल्यामुळे पिलू दोन-तीन दिवस अन्नावाचून तग धरते व म्हणूनच एक दिवसाची पिले दूरच्या गावी पाठविता येतात. उबेची मात्र अशी कोणतीही शिदोरी त्याच्याजवळ नसते. थंडी लागलेली पिले खाणेपिणे सोडून एकमेकांच्या अंगावर गर्दी करतात व तळाशी सापडलेली गुदमरून मरतात. अतिउष्णताही तितकीच घातक असते. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसल्यामुळे पिले चोच उघडून धापा टाकतात, श्वासावाटे पाणी गमावतात आणि शुष्क होऊन दगावतात.

खुडूक कोंबडी हा प्रश्न सहजपणे सोडविते. पिले तिच्या पोटाखाली शिरून पाठीने ऊब घेतात, काही वेळ बाहेर चरतात व गारठली की परत येतात. महाराष्ट्रातील खेड्यांत रात्री कोंबडी व पिले डालग्याखाली झाकून ठेवण्याची जुनी रीत आहे. तथापि एक कोंबडी थोडीच पिले सांभाळू शकते. शेकड्यांनी पिले वाढविण्यासाठी कृत्रिम साधन अपरिहार्य ठरते.

इतिहास : ईजिप्तमध्ये मोठ्या भट्ट्यांत अंडी उबविण्याची कला प्राचीन काळापासून होती. फ्रेंच शास्त्रज्ञ रेने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर (१६८३–१७५७) यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंडी उबविण्याबरोबरच पिले वाढविण्याच्या कृत्रिम साधनाचेही वर्णन केले. कोकराच्या लोकरी कातड्याचे अस्तर लावलेल्या पेटीचे छत त्यांनी उतरते ठेवले होते. त्यामुळे लहानमोठ्या पिलांना आपापल्या उंचीप्रमाणे पाठ टेकता येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पत्र्याची छत्री असलेल्या कोळशाच्या शेगड्या, रॉकेलचे व वायूचे तापक आणि विजेचे ब्रूडर प्रचारात आले.

रचना व तापमान : सामान्य ब्रूडरमध्ये उष्णतेचा उगम, ती खाली परावर्तित करणारी पत्र्याची छत्री आणि सभोवारचे कडे हे तीन भाग असतात. छत्रीखाली प्रत्येक पिलास सुमारे ४५ ते ६५ चौ. सेंमी. जागा लागते. कडे पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे असून त्याची उंची ३० ते ४५ सेंमी. असते. ते छत्रीच्या कडेपासून ६० ते ९० सेंमी. अंतरावर लावतात व पिले वाढतील तसे मागे सरकवितात. कडे वर्तुळाकार ठेवण्याचे कारण असे की, कोपरा असला म्हणजे पिले त्यात दाटून चेंगरतात. खाद्याची व पाण्याची भांडी उबदार मध्यभागाच्या बाहेरील पट्ट्यात ठेवतात.

पहिल्या आठवड्यात छत्रीच्या कडेखाली, जमिनीवरील गादीपासून सुमारे ५ सेंमी. उंचीवर, ३२° ते ३५° से. तापमान राखतात. त्यानंतर दर आठवड्यास ते सुमारे ३° से. ने कमी करीत २१° से. च्या आसपास आणतात. तापमान पिलाच्या पाठीच्या उंचीवर मोजावयाचे असते. भिंतीवरील तापमापकाचा येथे उपयोग नाही.

उष्णतेचे उगम : विजेच्या ब्रूडरसाठी दर पिलामागे १ ते २ वॉट हे स्थूल प्रमाण मानतात. २०० पिलांस त्यानुसार २०० ते ४०० वॉट लागतात. ही शक्ती एकाच दिव्यात न ठेवता विभागणे हिताचे असते. १०० वॉटच्या तीन दिव्यांपैकी एक गेला, तरी दोन-तृतीयांश ऊब शिल्लक राहते. ३०० वॉटचा एकच दिवा गेला, तर काहीच उरत नाही. तंतुदिव्यात खर्च होणाऱ्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. एलईडी दिवे तंतुदिव्यांऐवजी बसविल्यास उजेड तितकाच मिळतो, परंतु ऊब जवळजवळ मिळत नाही.

अवरक्त दिवा टांगून वापरतात. लहान उगमापासून येणाऱ्या प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे परावर्तकाचा परिणाम सोडल्यास, दिवा ४५ सेंमी. वरून ६० सेंमी. वर नेताच खाली पोहोचणारी ऊब सुमारे ५६ टक्क्यांवर येते. हाच दिवा खाली घसरला, तर धोका तितक्याच झपाट्याने वाढतो. ऊबपट्टी हा प्रकार खुडूक कोंबडीच्या अधिक जवळचा आहे. पायांवर उभ्या केलेल्या या पट्टीचा खालचा पृष्ठभाग मंद तापलेला असतो व पिले त्याखाली शिरून पाठीने ऊब घेतात. तिला दर पिलामागे सुमारे १ वॉट पुरतो. ती हवा फारशी तापवीत नसल्यामुळे अतिथंड खोलीत मात्र अपुरी पडते. पट्टीखाली अंधार असल्यामुळे पिले दिवसरात्रीच्या क्रमाने विश्रांती घेतात. अंधाऱ्या ब्रूडरमध्ये वाढलेल्या कोंबड्यांत एकमेकींची पिसे टोचण्याची खोड कमी आढळते, असे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यूरोपात झालेल्या अभ्यासांत दिसून आले.

धोके व उपाय : सर्वांत मोठा धोका आगीचा असतो. भाताचे तूस, लाकडाचा भुसा व वाळलेली पिसे यांवर तापलेला दिवा पडल्यास काही वेळातच पेट घेतला जातो. म्हणून दिवा विजेच्या तारेवर कधीही टांगू नये. तो धातूच्या साखळीने टांगावा व पहिली साखळी सुटल्यास भार घेणारी दुसरी स्वतंत्र साखळी असावी. धारक प्लॅस्टिकचा नसून चिनी मातीचा असावा. दिव्याभोवती तारेची जाळी असावी. पिले व पाण्याचे शिंतोडे तीमुळे काचेपासून दूर राहतात आणि दिवा खाली आला, तरी काच भुशास टेकत नाही.

थर्मोस्टॅट बिघडला, तर त्याचे स्पर्शक चिकटून तापक सतत चालू राहू शकतो. यासाठी ठराविक मर्यादेपलीकडे मंडल तोडणारी दुसरी, थर्मोस्टॅटपासून स्वतंत्र अशी उष्ण-वितळतार हवी. धातूचे सर्व भाग अर्थिंगला जोडावेत व ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारे साधन बसवावे. पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाचा लेप असलेले दिवे कटाक्षाने टाळावेत. तो लेप अतिशय तापला म्हणजे निघणारी बाष्पे पक्ष्यांस प्राणघातक ठरतात.

विद्युत् दाबातील चढउताराकडे सहसा दुर्लक्ष होते. तापक तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टसाठी बनविलेल्या तापकास १९० व्होल्ट मिळाले, तर त्याची शक्ती सुमारे ६८ टक्के उरते. ग्रामीण भागात दाब घटण्याची वेळ आणि पहाटेची थंडी एकत्र आल्यास ही तूट पिलांच्या जिवावर बेतते. यास्तव गणिताने येणाऱ्या गरजेपेक्षा काही अधिक शक्तीचा तापक थर्मोस्टॅटसह बसवितात. वीज खंडित झाल्यास उपयोगी पडावीत म्हणून गोणपाट, गरम पाण्याच्या बंद बाटल्या अशी साधने तयार ठेवतात.

वायू व कोळसा यांवरील ब्रूडरमध्ये हवेचा प्रश्न उद्भवतो. १ किग्रॅ. स्वयंपाकाचा वायू जळताना सुमारे ३.६ किग्रॅ. ऑक्सिजन वापरला जातो व सुमारे १.६ किग्रॅ. पाण्याची वाफ तयार होते. थंडीच्या भीतीने सर्व फटी बुजविल्यास गादी ओलसर होते व अपुऱ्या ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून पिलांप्रमाणेच राखणदारासही मारक आहे. निखाऱ्यांची शेगडी या दृष्टीने विशेष धोक्याची होय. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साचतो; म्हणून टाकी शेडबाहेर ठेवावी व ज्योत विझताच पुरवठा बंद करणारी झडप बसवावी. पिलांच्या अंगावर थेट झोत येणार नाही अशा बेताने छताजवळ हवेस वाट ठेवावी.

वापर : पिले येण्यापूर्वी २४ तास ब्रूडर चालू ठेवून तापमान स्थिर राहते किंवा नाही हे तपासतात. त्यानंतरचा खरा निर्णय पिलांच्या वागणुकीवरून करावयाचा असतो. छत्रीखाली दाटी व मोठ्याने चिवचिवाट म्हणजे ऊब कमी. पंख पसरून, चोच उघडून कड्याजवळ पडलेली पिले म्हणजे ऊब जास्त. सर्व पिले एकाच बाजूस म्हणजे वाऱ्याचा झोत. सर्वत्र सारखी विखुरलेली, खाणारी व निवांत झोपणारी पिले हे तापमान योग्य असल्याचे लक्षण होय. पहिले काही दिवस रात्रीही ही पाहणी करावी लागते.

ब्रूडर किती दिवस वापरावा हे ऋतू व प्रदेश यांवर अवलंबून असते. विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४०° से. पलीकडे जाते, तेव्हा दिवसा तापक बंद ठेवून सावली व पाणी यांकडे लक्ष द्यावे लागते. कोकणात पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे गादी कोरडी ठेवणे महत्त्वाचे ठरते. सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत पिसे पुरेशी वाढतात. त्या सुमारास ऊब प्रथम दिवसा, नंतर रात्री, अशी क्रमाक्रमाने बंद करतात.