जुळ्या कोकरांची तीस वर्षं

माणदेशातली दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. घोंगडीच्या लोकरीला भाव होता तोवर धनगराचं त्यावर निभावत होतं. पुढे लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि सगळी मिळकत कोकरांच्या विक्रीवर येऊन ठेपली. डॉ. चंदा निंबकर यांनी संशोधनाची अनेक वर्षं ज्या प्रश्नाला दिली, तो हा: मेंढीला दुसरं कोकरू कसं होईल, आणि झालं तर जगेल कसं?

सातारा जिल्ह्यातल्या फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', त्यांचे वडील बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केली. ना सरकारी, ना विद्यापीठाची. 1990च्या दशकात संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढ्या फलटणला आणल्या. खारट दलदलीत चरणारी, गुडघ्याएवढी ही मेंढी जुळी-तिळी सहज देते.

तिची कहाणी लांबची आहे. 1792-93च्या सुमारास कलकत्त्याहून बंगालच्या मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे न्यू साउथ वेल्समधल्या 'बुरूला' नावाच्या मळ्यावरच्या मेरिनो मेंढ्या भरपूर पिलं देतात म्हणून विसाव्या शतकात जगभर गाजल्या. 2001 साली तीन संशोधक गटांनी त्यामागचा एकच जनुकीय बदल शोधून काढला. त्या जनुकाला 'फेक-बी' म्हणतात. पुढच्याच वर्षी गारोलमध्येही तोच बदल असल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे परदेशात नावारूपाला आलेलं हे जनुक मुळात बंगालचं असावं.

ते काम कसं करतं? अंडाशयातली अंडपुटिका, म्हणजे अंड्याभोवतीची पिशवी, वाढताना तिच्यावर संप्रेरकांचा परिणाम होत असतो. साध्या मेंढीत एक पुटिका पुढे जाते, बाकीच्या मागे पडून जिरतात. हा बदल असला की पुटिका लहान असतानाच परिपक्व होतात, आणि एकाच माजात दोन-तीन अंडी सुटतात. किती सुटली हे बघायला मेंढीच्या पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीनं अंडाशयावर सुटलेल्या अंड्यांच्या जागी बनलेले पीतपिंड मोजतात. रक्ततपासणीची सोय होईपर्यंत कुठल्या मेंढ्यात हे जनुक आहे हे कळायला त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागानं फलटणच्या कळपाची तपासणी होऊ लागली आणि ती वर्षं वाचली. ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठही या कामात होतं; निंबकरांची पीएचडी तिथलीच.

पण जनुक सापडणं हा माझ्या मते या कामातला सोपा भाग होता. गारोलचा जीव चिमुकला, आणि लोणंदच्या बाजारात गिऱ्हाईक आधी उंची आणि वजन बघतं. सांगली जिल्ह्यातल्या जतकडचा मेंढपाळ तर माडग्याळच्या थोराड, बाकदार नाकाच्या मेंढीवर जीव टाकणारा. त्याला गारोलची लेक कोण दाखवणार? म्हणून संकरातल्या माद्या पुन्हा पुन्हा दख्खनी मेंढ्यांकडून फळवून गारोलचं अंग कमी करत न्यायचं आणि जनुक मात्र टिकवायचं. दर पिढीत निम्म्याच कोकरांत ते उतरतं. बाकीची बाजूला काढावी लागतात. मेंढीची एक पिढी दोन-तीन वर्षांची, त्यामुळे अशा चार पिढ्या म्हणजे संशोधकाच्या उमेदीचं एक दशक. यातून घडलेल्या मेंढीचं नाव 'नारी सुवर्णा'.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो निंबकरांनी राखलेला संयम. पिलांचा आकडा वाढवायचाच तर जास्त अंडी सोडायला लावणं अवघड नाही. पण पावसाळा संपला की धनगरांचा वाडा निघतो, मैलोगणती चालतो, रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसतात. दोन सडांच्या मेंढीला तिळी पोसवत नाहीत. दख्खनीत जनुकाची एक प्रत आली की बहुतेक जुळीच होतात, तिळी थोडी. आणि हेच इथे हवं होतं. तरीही जुळ्यांच्या आईला जास्तीचा खुराक लागतो, अशक्त कोकराला वेगळं सांभाळावं लागतं. म्हणून संस्थेनं हे मेंढे धनगरांच्या कळपात सोडले आणि तिथल्याच नोंदी ठेवल्या. संशोधन केंद्राच्या गोठ्यात वाढलेला आकडा वाड्यावर टिकतो का, हे तिथेच कळणार होतं. नोव्हेंबर 2008मध्ये या जनुकावरचं आंतरराष्ट्रीय चर्चासत्र पुण्यात भरलं, तेव्हा निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांपुढे फलटणचा हा अनुभव होता.

आता अडचण पुढच्या मेंढ्याची. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा दिला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत हमखास उतरते, मेंढपाळाला रक्त तपासायची गरज राहत नाही. पण त्यानं आपल्याच कळपातला गोरागोमटा नर राखला, तर साध्या मेंढीच्या पोटी आलेल्या त्या नराकडे एकच प्रत असते, आणि पुढच्या पिढीत कोणाला काय मिळालं ते डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही प्रतींचे मेंढे सतत तयार करत राहणारा तपासलेला मूळ कळप त्यासाठी कुणीतरी सांभाळायला हवा, आणि आजवर तो फलटणनं सांभाळला आहे.